चालू वेबसाइट नवी करायची आहे? आधी तिची यादी करा

चालू वेबसाइट हातात येते तेव्हा तिच्यासोबत बहुधा एकच वाक्य येतं: "साइट जुनाट दिसतेय, जरा नवी करून टाका." बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होमपेज, रंग आणि मोठे फोटो असतात. आपल्याही असतात. म्हणून पहिल्याच दिवशी आपण थीम चाळायला बसतो आणि काम तिथेच भरकटतं.

कोऱ्या साइटला कोणी ओळखत नसतं, तिच्याशी काहीही करा. चालू साइटचं तसं नाही. तिच्या पानांचे पत्ते लोकांनी बुकमार्क केलेले असतात, दुसऱ्या साइटवरून लिंक दिलेल्या असतात, कुठल्या तरी पत्रकावर क्यूआर कोड छापलेला असतो, आणि सर्च इंजिनने ती पानं वर्षानुवर्षं वाचून ठेवलेली असतात. तेव्हा काय बदलायचं हे ठरवण्याआधी काय हलू द्यायचं नाही, हे ठरवावं लागतं. आणि ते ठरवायचं तर साइटवर मुळात काय काय आहे ते माहीत हवं. बहुतेक मालकांना ते माहीत नसतं. विचारून बघा.

कारण एका ओळीत लिहा

"जुनाट दिसते" ही तक्रार झाली. तिच्यामागचं कारण खणून काढायला तीन प्रश्न पुरतात. साइटवर कोण येतं? त्यांनी येऊन काय करावं अशी अपेक्षा आहे? आणि ते आज का होत नाही? उत्तरं बरीच वेगळी निघतात. "फोनवर मेनू उघडतच नाही." "हल्ली चौकशीचे ईमेल येत नाहीत." "एक बातमी बदलायची तरी डेव्हलपरला गाठावं लागतं." यातलं पहिलं काम कदाचित दिवसभराचं आहे. दुसऱ्यात दोष साइटच्या दिसण्यात नसून फॉर्मच्या किंवा ईमेलच्या सेटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. तिसरं काम सीएमएसचं, म्हणजे मजकूर बदलण्याच्या सोयीचं. तिन्हींपैकी एकालाही नवा रंग लागत नाही.

जे कारण सापडेल ते लिहून सगळ्यांना पाठवा. पुढे कधी तरी बैठकीत कोणी तरी "चॅटबॉट पण टाकूया का?" म्हणणारच. तेव्हा त्या ओळीकडे बोट दाखवता येतं.

चाव्या गोळा करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यात दुसऱ्यांवर अवलंबून राहावं लागतं, म्हणून ते लवकर सुरू करा. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुठे नोंदवलंय आणि कोणाच्या ईमेलवर? होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या सर्व्हरच्या सेवेचं, लॉगिन कोणाकडे आहे? सीएमएसमध्ये अ‍ॅडमिन कोण कोण आहेत? अ‍ॅनालिटिक्स, सर्च कन्सोल (पहिली भेटी मोजते, दुसरं गुगलच्या शोधात साइट कशी दिसते ते सांगतं), विकत घेतलेल्या थीम आणि प्लगइनचे (सीएमएसला जोडायच्या जादा सोयींचे) परवाने, फॉन्टचा परवाना, फॉर्ममधून ईमेल पाठवणारी सेवा, हे सगळं कोणाच्या नावावर आहे?

डोमेन केव्हाच काम सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी ईमेलवर नोंदलेलं असणं, हा या क्षेत्रातला अगदी नेहमीचा प्रकार आहे. ते सोडवायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. डोमेनची मुदत कधी संपते तेही तेव्हाच पाहून घ्या. एसएसएल प्रमाणपत्राचं, म्हणजे साइट सुरक्षित असल्याची खात्री ब्राउझरला देणाऱ्या प्रमाणपत्राचं, नूतनीकरण आपोआप होतंय ना, याचीही खात्री करा. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं अनेक साइट वापरतात आणि त्यांची मुदत आजवर सहसा ९० दिवसांची राहिली आहे. सर्व्हर बदलताना आपोआप होणारं नूतनीकरण तुटलं, तर नवी साइट तीन महिन्यांच्या आत एका सकाळी "असुरक्षित" दिसू लागते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पासवर्ड स्प्रेडशीटमध्ये लिहू नका. पासवर्ड मॅनेजर वापरा.

आता यादी

सगळ्या नियोजनाचा कणा हीच. एक स्प्रेडशीट उघडा आणि साइटच्या प्रत्येक पानाला एक ओळ द्या. पानं शोधायची कुठून? एकाच ठिकाणावर विसंबू नका, चार ठिकाणांहून गोळा करा.

सीएमएसमधली पानांची यादी हे पहिलं ठिकाण. दुसरं साइटमॅप, म्हणजे साइटने सर्च इंजिनसाठी ठेवलेली पत्त्यांची फाइल. तिसरं क्रॉलर, म्हणजे लिंकमागून लिंक धरत सगळी साइट फिरून येणारं सॉफ्टवेअर. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचा क्रॉलर ५०० पत्त्यांपर्यंत मोफत चालतो, लहान साइटला तेवढा पुरतो. पण ज्या पानाकडे साइटवरची एकही लिंक जात नाही ते पान क्रॉलरला दिसत नाही. अशी अनाथ पानं जुन्या साइटवर भरपूर असतात, आणि नेमकी त्यांतलीच काही बाहेरून लोक उघडत असतात. ती सापडतात चौथ्या ठिकाणी, अ‍ॅनालिटिक्स आणि सर्च कन्सोलमध्ये. पीडीएफ फाइल विसरू नका. त्यांनाही पत्ते असतात आणि त्यांच्याही लिंक लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या असतात.

रकाने मी असे ठेवतो: पत्ता, शीर्षक, शेवटचा बदल कधी झाला, वर्षभरात किती भेटी, बाहेरून लिंक आहेत का, या मजकुराला जबाबदार कोण, आणि निर्णय. भेटींचे आकडे महिन्याचे न घेता वर्षाचे घ्या, कारण काही पानं वर्षातून एकदाच जागी होतात. वार्षिक अहवाल, नावनोंदणीचा अर्ज, एखाद्या स्पर्धेचे नियम. चुकीच्या महिन्यात पाहिलं तर ती मेलेली वाटतात. सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे पूर्ण वर्ष सहज मिळतं. अ‍ॅनालिटिक्सचं मात्र तपासून घ्या. गुगलने आपली जुनी युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३पासून बंद केली. ज्या साइटकडे तेव्हापासून कोणी पाहिलं नाही तिथे जुना कोड नुसताच पडून असतो आणि काहीही मोजत नसतो. तसं असेल तर आजच नवं मोजमाप सुरू करा आणि बदलाला हात घालण्याआधी निदान काही आठवड्यांचे आकडे जमू द्या. आधीचे आकडे नसले की नंतर "सुधारलं का?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील: ठेवा, सुधारा, जोडा, काढा. "बघू" हा पाचवा शब्द शिरू देऊ नका.

निर्णय घेण्याआधी प्रत्येक पान खरोखर उघडून वाचा. हो, प्रत्येक. साठ पानांची साइट एका दुपारी वाचून होते. मला एका साइटवर "संपर्क" नावाची तीन पानं सापडली होती आणि तिन्हींवर फोन नंबर वेगवेगळे होते. मालकाला त्यातलं एकच माहीत होतं. असली गोष्ट कुठल्याही अहवालात दिसत नाही, कारण यंत्राच्या लेखी तिन्ही पानं व्यवस्थित उघडत होती. भेटींच्या आकड्यांवरून पानाची किंमत ठरवण्यातही असाच धोका आहे. परताव्याचे नियम सांगणारं पान महिन्यातून दहाच जण उघडत असतील, पण त्या दहा जणांना दुसरं काहीच नको असतं. उलट एखाद्या जुन्या लेखावर रोज शेकडो लोक येतात आणि दहा सेकंदांत निघून जातात, कारण त्यातली माहिती कधीच शिळी झालेली असते. पहिलं पान "ठेवा", दुसरं "सुधारा". आकडा फक्त कुठे पाहायचं ते सांगतो.

तब्येत तपासा

यादी झाली की महत्त्वाची दहा पानं निवडा आणि ती साध्या, जुन्या फोनवर मोबाइल डेटा वापरून उघडा. ऑफिसच्या वायफायवर सगळ्याच साइट वेगवान वाटतात. नंतर गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकून पाहा. पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, या तिथल्या चांगल्या वेगाच्या मर्यादा आहेत. ढिलाईचं कारण बऱ्याचदा एकच असतं: कॅमेऱ्यातून काढून तसाच चढवलेला भला मोठा फोटो.

मग माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब बटणाने मेनूपासून फॉर्मपर्यंत जाऊन पाहा. अडकलात तर कीबोर्डवर किंवा स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून असणारे लोकही अडकतात. नेहमीच्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा, असं वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनरला आवडतात, निकषात मात्र सहसा नापास होतात.

सॉफ्टवेअरचं वयही लिहून ठेवा. सीएमएसची आवृत्ती, प्लगइन, आणि पीएचपी, म्हणजे अनेक सीएमएस ज्या भाषेत चालतात ती. पीएचपी ७.४चा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२मध्ये संपला, तरी त्यावर चालणाऱ्या साइट अजून दिसतात. तुमची त्यांतली असेल तर रंगरंगोटी थांबवा, आधी हे काम घ्या.

पत्त्यांना जपा

नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच लिहून ठेवलं होतं की चांगले पत्ते बदलत नाहीत. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी साइट नवी केली की पत्ते बदलण्याची हौस सुटत नाही. तेव्हा पहिला नियम: पत्ता बदलण्याची ठोस गरज नसेल तर तो होता तसाच ठेवा. पान नव्याने लिहा, नवा साज द्या, मेनूत जागा बदला, पण पत्ता तोच राहू द्या. "नवा पत्ता जास्त नीटनेटका दिसतो" ही गरज नव्हे.

बदलावाच लागला तर यादीत "नवा पत्ता" असा रकाना वाढवा आणि प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा वारस लिहा. सर्व्हर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर पाठवतो, त्याला रीडायरेक्ट म्हणतात. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. पान कायमचं हललं असेल तर ३०१च लावा. अनेक प्लगइनमध्ये हे एका खटक्याचं काम असतं, पण कोणता आकडा निवडलाय तो बघा.

वारस खरोखरचा हवा. जुनी सगळी पानं होमपेजकडे वळवून मोकळं होण्याचा मोह होतो. माणूस एका विशिष्ट माहितीसाठी आला आणि त्याला थेट दारात उभं केलं, तर तो चिडून परत जातो. सर्च इंजिनही अशा वळणाला "पान नाही" असंच समजतात. ज्या पानाला खरंच वारस नाही त्याला सरळ ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही" हा संकेत, मिळू द्या, किंवा ते जाणूनबुजून काढलंय हे सांगणारा ४१०. मात्र ४०४च्या पानावर शोधपेटी आणि दोन-तीन कामाच्या लिंक ठेवा.

साखळीही टाळा. पूर्वीच्या कोणी तरी क पत्ता ख वर वळवलेला असतो, तुम्ही ख हा ग वर वळवता. मग क वर आलेला माणूस दोन उड्या मारतो. क थेट ग ला जोडून टाका. गुगल म्हणतं की रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा. मी ते काढतच नाही. छापलेल्या क्यूआर कोडला वर्षाची मुदत कोण घालणार?

सगळं एकदम की हप्त्याहप्त्याने?

नेटस्केप एके काळी वेबवरचा बलाढ्य ब्राउझर होता. त्याची चौथी आवृत्ती १९९७मध्ये आली आणि त्यानंतर थेट सहावी, २०००च्या अखेरीस. पाचवी कधी बाजारात आलीच नाही, कारण दरम्यान जुना कोड बाजूला सारून बराचसा ब्राउझर नव्याने लिहायला घेतला होता. तीन वर्षांत प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला. नेटस्केपच्या घसरणीला इतरही कारणं होती, पण चालू गोष्ट थांबवून सगळं पुन्हा पहिल्यापासून करण्याची किंमत काय असते, ते यातून दिसतं.

साइटलाही तेच लागू. शक्य तिथे हप्ते पाडा. माझा क्रम असा: आधी तुटलेलं दुरुस्त करा (फॉर्म, मृत लिंक, चुकीचे फोन नंबर), मग मजकूर, मग मेनू आणि मांडणी, आणि रंगरूप सगळ्यात शेवटी. पहिल्या हप्त्याचा फायदा त्याच आठवड्यात दिसतो, आणि पुढच्या कामाला परवानगी मिळवणंही सोपं जातं. दुसरं म्हणजे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. डोमेन, सीएमएस आणि डिझाइन एकाच रात्री बदललं आणि सकाळी भेटी निम्म्या झाल्या, तर तपास कुठून सुरू करणार?

सीएमएसला आता कोणी वाली उरला नसेल, किंवा साइट फोनवर चालूच शकत नसेल, तर मात्र डागडुजी सोडा आणि नवीन बांधा. तेव्हाही यादी आणि पत्त्यांचा तक्ता हेच लागणार आहे.

मजकुराबद्दल एक सूचना. वेळापत्रक कोलमडतं ते बहुधा कोडिंगमुळे नव्हे, तर "आमच्याबद्दल" या पानाचा मजकूर कोणी तरी देणार असतं आणि ते देत नाही, म्हणून. यादीत "जबाबदार कोण" या रकान्यात विभागाचं नाव न लिहिता माणसाचं नाव लिहा आणि समोर तारीख टाका. डिझाइनमध्ये भरताड मजकूर वापरू नका. खरा, लांब-आखूड मजकूर घालून पाहा. देवनागरी असेल तर हे आणखी गरजेचं, कारण इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, आणि लांब जोडशब्द बटणातून बाहेर पडतात.

बॅकअप आणि तालमीची जागा

बॅकअप म्हणजे फाइल आणि डेटाबेस, दोन्ही. नुसत्या फाइल घेतल्या तर फोटो राहतील आणि लेख जातील. एक प्रत होस्टिंगच्या बाहेर ठेवा. आणि ती एकदा तरी कुठे तरी उभी करून बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिलेला नाही तो आहे असं धरू नका.

बदल थेट चालू साइटवर करू नका. बहुतेक होस्टिंगवर स्टेजिंगची, म्हणजे साइटची तंतोतंत नक्कल करून तिच्यावर तालीम करण्याची सोय असते. नकलेला पासवर्ड लावा. तिच्यावरचे फॉर्म खऱ्या ग्राहकांना ईमेल पाठवणार नाहीत, याची काळजी घ्या. नक्कल सर्च इंजिनला दिसू नये म्हणून वर्डप्रेसमध्ये एका चौकटीत खूण करतात. मी एकदा ती खूण केली, काम छान पार पडलं, नवी साइट लावली, आणि खूणही तिच्याबरोबर चालू साइटवर गेली. तीन आठवड्यांनी मालकाने विचारलं, "गुगलवर आपण दिसत का नाही?" तेव्हापासून साइट लावल्यावर मी तपासायची पहिली गोष्ट हीच.

आणखी एक गफलत इथे होते. नक्कल महिन्यापूर्वी काढलेली असते आणि त्या महिन्यात चालू साइटवर नव्या ऑर्डर, नव्या नोंदी आलेल्या असतात. नकलेचा डेटाबेस जसाच्या तसा वर चढवला की त्या सगळ्या पुसल्या जातात. म्हणून शेवटचे काही दिवस मजकूर गोठवा, आणि ऑर्डर किंवा सदस्यनोंदी असतील तर त्या तक्त्यांना हात न लावता बदल कसा चढवायचा ते डेव्हलपरशी आधीच बोलून ठेवा.

लावायचा दिवस

शुक्रवारची संध्याकाळ नको. अडचण आली तर मदतीला माणसं जागेवर असतील, असा आठवड्याच्या मधला दिवस आणि साइटवर कमी गर्दी असणारी वेळ निवडा. सर्व्हर बदलत असाल तर डीएनएसची (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीची) टीटीएल, म्हणजे सर्व्हरचा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, दोन दिवस आधीच कमी करा. ती बऱ्याचदा ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. ती ३०० सेकंदांवर आणली की बदल लवकर पसरतो, आणि माघार घ्यावी लागली तर तीही लवकर घेता येते. साइट थोडा वेळ बंद ठेवावी लागली तर सर्व्हरने ५०३ हा संकेत द्यायला हवा. त्याचा अर्थ "तात्पुरतं बंद, नंतर या". नुसतं "काम चालू आहे" असं पान नेहमीच्या २०० ("सगळं ठीक") संकेतासह दाखवलं, तर सर्च इंजिन तेच तुमचं नवं पान समजू शकतं.

माघारीची अट आदल्या दिवशी लिहून ठेवा: "तासाभरात फॉर्म चालला नाही तर जुनी साइट परत." निर्णय कोण घेणार तेही लिहा. रात्री अकरा वाजता, दमलेल्या डोक्याने, "अजून दहा मिनिटं बघू" असं तीनदा म्हणून होतं.

लावल्यावर हे तपासा: सर्च इंजिनवाली खूण, प्रत्येक फॉर्म स्वतः भरून त्याचा ईमेल खरंच पोचतो का, पैसे भरण्याची सोय, यादीतले वीस जुने पत्ते, अ‍ॅनालिटिक्सची मोजणी, आणि फोनवर मेनू.

पुढचे काही आठवडे

पहिल्या आठवड्यात रोज ४०४च्या नोंदी पाहा. चारही ठिकाणांहून निसटलेला एखादा पत्ता तिथे हमखास सापडतो. त्याला वारस द्या आणि यादीत टाका. पत्ते बदलले असतील तर सर्चमधून येणाऱ्या भेटी काही आठवडे खाली-वर होतात. घाबरून पुन्हा पत्ते बदलू नका. तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. कारणाची जी ओळ सुरुवातीला लिहिली होती ती काढून त्या एका गोष्टीचा आकडा पाहा. चौकशा वाढवायच्या होत्या तर चौकशा मोजा, होमपेजची स्तुती नको.

स्प्रेडशीट तशीच ठेवा, फक्त निर्णयाच्या रकान्याजागी "पुढची तपासणी" असा रकाना करा. दर आणि फोन नंबर असलेल्या पानांना तीन महिने, बाकीच्यांना वर्ष. आणि डोमेनच्या मुदतीची आठवण एकाच्या नको, दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका.